किल्लीवाल्याचा दिवसभराचा कॉल

मोबाइल कंपनीच्या दुकानात तक्रारीच्या खिडकीवर बसून मला सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ‘हो बाई, डेटा मीच वापरला’ असं म्हणणारा एक माणूस भेटला नाही. सगळे गरीब गाय. कुणाचा डेटा आपोआप वाहून गेलेला असतो, कुणाचा मेव्हण्याने संपवलेला असतो. ऐकून ऐकून कान किटले माझे, म्हणून तोंडाचा पट्टा जरा लवकर सुटतो. दुकानात मागून मला तोफ म्हणतात, ठाऊक आहे मला. म्हणू देत.

किल्लीवाल्यावरही मी अशीच डाफरले होते. आमच्या समोरच्या फुटपाथवर त्याचं टेबल. मागच्या फळीवर शेकडो कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, टेबलाला घट्ट बसवलेली लोखंडी पकड, चार-पाच कानशी. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही, बोलतही नाही. गिऱ्हाईक किल्ली पुढे ठेवतं, एक हवी की दोन ते तो बोटांनी विचारतो आणि कामाला लागतो. बिघडलेलं कुलूप आलं तर आत तार घालून डोळे मिटतो आणि कुठे अडकलंय ते बोटांनी शोधतो. इतकी वर्षं मी त्याला बघत होते, पण रस्त्यावरचा खांब बघतात तसंच.

त्याने बिल पुढे सरकवलं आणि मी कपाळाला हात लावला. नेहमीच्या चौदापट! त्याची तीन महिन्यांची कमाई तरी असेल. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, सहा दिवसांत न भरल्यास कनेक्शन बंद. त्याचा वापर काढून बघितला, तर रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सात एकच व्हिडिओ कॉल. पॅकमधला डेटा पाचव्या दिवशीच उडालेला आणि पुढचं सगळं चढ्या दराने वाढत गेलेलं. कंपनीने सूचना पाठवल्या होत्या, पण त्या चित्राच्या मधे यायच्या म्हणून हा पठ्ठ्या त्या न वाचताच बोटाने बाजूला सारत होता.

मी कागद ओढला आणि मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘बोलून झालं की कट करायचा, मग पुन्हा लावायचा. एवढं साधं कळत नाही?’ लिहूनसुद्धा डाफरता येतं मला.

त्याने शांतपणे वाचलं. खिशातून बुटकी पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, ‘कट केला तर पुन्हा लागत नाही. आईलाही ऐकू येत नाही.’

मग हळूहळू कागद भरत गेला. आई दूरच्या गावी त्याच्या बहिणीकडे असते. बहीण दिवसभर कामावर. फोन आला की घरात दिवा लुकलुकायचा, अशी सोय त्याने स्वतः करून दिली होती. पण वर्षभरात आईची नजर कडेकडेने विझत आली. आता नळीतून बघावं तेवढं मधलंच दिसतं, दिवा लुकलुकला तरी तिला पत्ता लागत नाही. म्हणून बहीण सकाळी निघताना कॉल जोडून जाते आणि संध्याकाळी येऊन बंद करते. मधे तुटला तर तो दिवस गेला. बहिणीकडे घरात तारेचं इंटरनेट आहे, फुटपाथवर कुठलं असणार? चित्र बारीक केलं तर डेटा वाचतो, पण बोटं पुसट होतात आणि आईला वाचता येत नाहीत. डॉक्टर म्हणालेत, उरलेली नजर आता दोन महिने. फार तर तीन.

आईला इकडे का आणत नाही, असं मी विचारलं. ते घर तिच्या पायांना पाठ आहे, इथल्या जिन्यावर ती पडेल, असं त्याने लिहिलं. मग तुम्हीच जा की, असं मी लिहिलं. त्याने काचेतून आपल्या टेबलाकडे बोट केलं. आईची औषधं त्या टेबलावरच चालत होती.

‘पण दहा तास बोलता तरी काय?’

 मग त्याने लिहिलं, ‘फार बोलत नाही. ती मला बघून ठेवते आहे.’

 मी ती ओळ दोनदा वाचली. तेवढ्यात त्याने शर्टाच्या खिशातून फोन काढून माझ्यासमोर उभा केला. कॉल चालूच होता. खिडकीशी एक म्हातारी बसली होती, मांडीवर टॉवेल, घड्या घालत. त्याने हात हलवला. तिला दिसला नाही. तो थांबला. ती मान थोडी थोडी वळवत नजरेने पडदा शोधत राहिली, आणि तो एका क्षणी सापडला. तिचा सगळा चेहरा जागा झाला. हात वर आले आणि दोघं बोलायला लागली. काय ते हात! भरभर, हसत, मधेच भांडत. तिने काहीतरी चिमटा काढला असणार, कारण पन्नाशीचा हा गडी चक्क लाजला. रांगेतली माणसं पुढे सरकायची विसरली. दिवसभर मी एवढी बडबडते, पण इतकं बोललेली मला आठवत नाही.

बिलाचं मी बघितलं. पहिल्या चुकीला अर्धं बिल माफ करायचा नियम आमच्याकडे आहे. आम्ही तो गिऱ्हाइकाला आपणहून सांगत नाही, एवढंच. उरलेल्याचे हप्ते पाडले. पण पुढे काय? दोन महिने आमच्याकडे होते आणि फुटपाथवर तार जात नव्हती.

आमच्या दुकानात मात्र गिऱ्हाइकांसाठी फुकटचं वायफाय आहे. मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, काचेजवळचा कोपरा किल्लीवाल्याला द्या. साहेब म्हणाले, शोरूममध्ये कानस घासणार का? मी म्हटलं, घासेल. फार आवाज झाला तर त्याच्याहून मोठा आवाज माझा आहे, आणि तो तुम्ही ओळखता. साहेबांनी हात टेकले.

सात आठवडे तो त्या कोपऱ्यात बसला. फोन भिंतीवर, नेमका त्याच्या तोंडासमोर. आईला दिसावं म्हणून तो उजेडाकडे तोंड करून काम करायचा. मधूनच ती हाताने काहीतरी सांगायची, की तो मान तिरकी करायचा, किल्ली वर धरायचा, केस मागे सारायचा. एकदा मी खुणेने विचारलं, काय म्हणते? त्याने लिहिलं, ‘डाव्या कानामागचा तीळ दाखव म्हणाली. राहून गेला होता.’ मी खिडकीवर जाऊन बसले आणि बराच वेळ कुणावर ओरडले नाही.

आठव्या आठवड्यात एका दुपारी त्याने हात हलवला. म्हातारीने मान वळवली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नजर फोनवरून दोनदा गेली आणि थांबली नाही. त्याचे हात तसेच हवेत राहिले.   संपलं, मला वाटलं.

तर काय, म्हातारीने टॉवेल बाजूला ठेवला, समोरच्या अंधाराकडे तोंड केलं आणि स्वतःच हात वर घेऊन बोलायला लागली. तिला तो दिसत नव्हता, पण ती त्याला दिसत होती ना! अजिबात न चाचरता बोलत होती ती. तो बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. उत्तर द्यायला मात्र काही मार्ग नव्हता.

मार्ग त्याच्या बहिणीने काढला. दुसऱ्या दिवसापासून तिचा जुना बटणांचा फोन आईच्या मांडीवर असतो, नुसता थरथरणारा. त्यावर एकदा रिंग म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, हे बहिणीने आईच्या हातांत खुणा करून तिला शिकवलं. ती रिंग द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्याचे हात किल्लीत अडकलेले असतात. तो एक बोट वर करतो की मी दुकानाच्या फोनवरून एक रिंग देते.

पहिल्या दिवशी म्हातारी बराच वेळ काहीतरी सांगत होती. शेवटी एक छोटासा प्रश्न विचारून थांबली आणि मांडीवरच्या फोनवर तळहात ठेवला. त्याने लगेच एक बोट वर केलं. मी रिंग दिली. एवढ्या लांब तिच्या हाताखाली फोन थरथरला असणार, कारण ती हसली, समाधानाने, आणि पुन्हा टॉवेलच्या घड्या घालायला लागली.  सोळा वर्षं फोन विकणाऱ्या दुकानात काढली, पण फोन कशासाठी असतो ते मला त्या दुपारी कळलं.

काय विचारलं, म्हणून मी कागद पुढे केला.

त्याने लिहिलं, ‘जेवलास का.’

दुपारचे साडेतीन वाजले होते. त्याचा डबा टेबलाखाली तसाच, झाकणसुद्धा न काढलेला. म्हणजे आंधळ्या आईला पहिलंच उत्तर खोटं, आणि तेही माझ्या हातून! मी खिडकी बंद केली, डबा उचलून त्याच्यासमोर आपटला आणि तो शेवटचा घास खाईपर्यंत तिथून हलले नाही.