धुईचा अर्थ

"धुकंच ना? मग आपला काही संबंध नाही," असं म्हणून साहेबांनी माझ्या रिपोर्टवर सही केली.

उपग्रहाच्या फोटोत कनेरगाव नाक्याच्या एका वस्तीवर पांढुरका पट्टा दिसत होता. तो धूर की धुकं, एवढंच मला ठरवायचं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. अमेरिकन उपग्रह सकाळी वरून जायचा, त्याचे काळेपांढरे फोटो आमच्या ऑफिसात महिन्यांनी पोचायचे. फोटोतलं जागेवर जाऊन ताडून पाहायचं, याला आम्ही ग्राउंड ट्रुथ म्हणायचो.

मी जाऊन आलो होतो. वस्तीला लागूनच वीटभट्ट्या होत्या. त्या ओढ्यापलीकडे हलवाव्यात, असा अर्ज अनुसयाबाईंनी दिला होता. त्यांच्या नवऱ्याला, सखारामला, दम लागायचा. तहसीलदार आमच्या रिपोर्टसाठी थांबले होते.

सकाळी काय दिसतं, असं मी विचारलं.

"धुई बसती, सायब. ऊन चढंपर्यंत हालत न्हाई," अनुसयाबाई म्हणाल्या.

"तुमच्या फोटूत मी खोकताना दिसतो का?" ओट्यावरून सखारामने विचारलं. तो हसला, मग बराच वेळ खोकला.

शब्दकोशात धुई म्हणजे धुकं. मी डायरीत 'धुकं' लिहिलं.

चार महिन्यांनी त्याच सकाळचा इन्फ्रारेड फोटो आला. त्यात विरळ धूर जवळजवळ दिसत नाही, धुकं मात्र दिसतं. पट्टा नव्हता. त्याच्या जागी ओढ्याची काळी रेघ स्वच्छ उमटली होती. मी फोटो दोनदा उलटसुलट करून पाहिला.

दुरुस्त रिपोर्ट घेऊन मीच गेलो. ओटा रिकामा होता. सखाराम पंधरवड्यापूर्वी गेला होता.

"पयल्या कागदात काय लिहिलं होतं?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"धुकं."

"आमी इथं भट्टीच्या धुरालाच धुई म्हणतो. इचारायचं व्हतं ना सायब, डोळ्याला झोंबती का म्हणून."

उन्हाळ्यात भट्ट्या ओढ्यापलीकडे गेल्या. दुरुस्ती वेळेत झाली, असा शेरा साहेबांनी फाइलवर मारला.

तेव्हापासून मी डायरीत समोरच्या माणसाचा शब्द जसाच्या तसा लिहितो. आणि डोळ्याला झोंबते का, हे विचारतो.