हवेची लाइन आणि अण्णांचे कान

मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्यावर माझं आणि अण्णांचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. निजामाची राजवट नुकतीच संपली होती, रस्त्यावर लॉऱ्या वाढल्या होत्या आणि आम्हा दोघांनाही पाठ टेकायला सवड मिळत नव्हती.

लष्करी भंगारातून आणलेला कॉम्प्रेसर मागच्या छपरात होता. तो पेट्रोलच्या इंजिनावर चाले. तिथून पुढच्या पडवीत चाकं भरायला हवा यायची ती लोखंडी नळीतून, आणि ही नळी आतून पार गंजली होती. हवेबरोबर पाणी आणि गंजाचा भुगा यायचा. कार्बोरेटर फुंकून साफ करायला जावं, तर तो आणखीच घाण व्हायचा. तेच काम पुन्हा पुन्हा करून मी विटून गेलो होतो.

शेवटी अण्णांनी हैदराबादेहून तांब्याची नळी आणली. तांबं गंजत नाही, हातानं वळतं, आणि त्याला आटेही पाडावे लागत नाहीत. जोडात एक पितळी नट असतो आणि नटाच्या आत बारीक कडं. नळी सरळ कापायची, कापलेली धार घासायची, आधी नट, मग कडं चढवायचं आणि पान्यानं आवळायचं. कडं नळीला धरून बसतं. आम्ही भिंतीवरून लाइन पुढं नेली, तिला थोडा उतार दिला आणि टोकाला पाणी सोडायचा कॉक बसवला.

इंजिन चालवून टाकी भरली आणि इंजिन बंद केलं. पडवीतला दाबाचा काटा लगेच खाली यायला लागला. मागून येणारा हवेचा बारीक सुस्कारा मला तिथं ऐकू येत होता.

"अण्णा, मागं गळायलंय!" मी ओरडलो.

"कुठं? इथं तर काई न्हाई."

मागं जाऊन बघतो तर अण्णा कॉम्प्रेसरजवळच्या पहिल्याच जोडापाशी उभे, आणि हवा तिथूनच निघत होती. मी बोट दाखवलं. त्यांनी पाना लावून नट आवळला. गळती वाढली. पुन्हा आवळला, तर कडंच चेपलं. तेवढा तुकडा कापून नवं कडं घातलं. सकाळी जोड धरायचा, दुपारपर्यंत सुटायचा. असं रोज चाललं. समोर लॉरीवाले हॉर्न वाजवत बसायचे आणि मी हातपंपानं चाकं भरायचो. खांदे भरून यायचे.

एका दुपारी अण्णांनी पुन्हा "कुठं?" विचारलं आणि माझा तोल गेला. "तुमच्या नाकासमोर गळायलंय, आन् मलाच कामून विचारायलाव?"

अण्णांनी पाना खाली ठेवला. भिंतीकडं तोंड करून ते बसले.

तेवढ्यात बायको भाकरी घेऊन आली. तिनं मागून हाक मारली, "अण्णा, जेवायला उठ." ते हलले नाहीत. ती माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "त्याला कवापासून नीट ऐकू येत न्हाई. घरी आमी वरडूनच बोलतो. दिवसभर संगट राहताव, तुमाला कळलं न्हाई?"

नव्हतं कळलं. इंजिनांच्या आवाजात दुकानात सगळेच ओरडून बोलायचे. इंजिनाचा ठोका कानानंच जोखावा लागतो; अण्णांनी दुरुस्त करून दिलेली इंजिनं हल्ली परत का यायची, ते मला तेव्हा उमगलं. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

बायकोनं कपडे धुवायच्या साबणाचा फेस केला. अण्णांनी तो बोटानं जोडाला फासला. मी इंजिन सुरू केलं तसे भराभर बुडबुडे फुगले. ते बघून अण्णांचा चेहरा उतरला. आपल्याला काय ऐकू येत नव्हतं, ते आता डोळ्यांनी दिसत होतं. मग नळीवर तळवा ठेवून ते म्हणाले, "दाजी, नळी लई थरथरायलीय. जोड टिकंल कसा?"

आम्ही कॉम्प्रेसर आणि तांब्याची नळी यांच्यामध्ये जाड रबरी नळीचा तुकडा घातला. इंजिनाची थरथर रबरातच जिरली. नवं कडं घालून बेतानंच आवळलं. फेस फासला, एकही बुडबुडा आला नाही. काटा जागचा हलला नाही.

जेवताना अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "इंजिनाचं काम आता तुमीच बघा. मला ठोका कळंना झालाय. मी चाकं आन् हवा बघतो."

"व्हय," मी मान हलवून म्हणालो. 

तेव्हापासून इंजिनांचा सगळा भार माझ्यावर आला. संध्याकाळी कंबर सरळ होत नसे. अण्णा पडवीत चाकं भरत, कॉकमधून पाणी सोडत, कुणी हाक मारली तरी ऐकूच येत नसल्यानं आपल्या कामात राहत. काही सांगायचं असलं की मी हातातलं काम टाकून त्यांच्या समोर जाऊन उभा राहू लागलो. सुरुवातीला त्याचाही शीण यायचा. नंतर तेवढीच पाठ सरळ करायला मिळायची.