त्याने भर बैठकीत सांगितलं

आमचा पक्ष धर्माचं नाव घेऊन उभा राहिलेला. नव्वदच्या दशकात वसमत तालुक्यात मी आणि तो बरोबरीने पक्षाचं काम करायचो. मी कुरुंद्याचा, तो शेजारच्या गावचा; दोन्ही गावांची शाखा एकच, आणि शाखाध्यक्ष तो. प्रचाराच्या जीपमध्ये माईक त्याच्याच हातात असायचा. त्याचा आवाज आला की हळद काढणाऱ्या बायाही मान वर करायच्या.

मला पुरुष आवडतात हे मला सोळाव्या वर्षीच कळलं होतं. तरी लग्न केलं, दोन लेकरं झाली. त्यालाही पुरुषच आवडतात, याची मला कल्पना नव्हती.

एकदा बैठकीत तालुकाध्यक्षांनी त्याच्यासाठी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावची सोयरीक आणली. वीसेक माणसं बसलेली. तो उभा राहिला.

"साहेब, त्या पोरीचं वाटोळं काहून करता? मला बाईमाणूस न्हाई, गडीमाणूस आवडतो. माझा एक माणूस हाय, वारंगा फाट्याला."

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष तांबडेलाल झाले. "देवाधर्माचं काम करून राहिलो आपण!"

"मी बी तेच करून राहिलो की."

त्याचं शाखाध्यक्षपद काढायचं ठरलं. सगळ्यांत आधी माझा हात वर गेला. लोकांना ती निष्ठा वाटली. खरं तर मी जळत होतो. जे मी स्वतःशीसुद्धा धड बोललो नव्हतो, ते हा वीस जणांसमोर बोलून खाली बसला होता.

पद मला मिळालं. तो मात्र दुसऱ्या दिवशी येऊन सतरंज्या अंथरू लागला. लोक त्याच्या पंगतीला बसेनात, मागे घाण बोलत. पण तसा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून माईक राहिला. सभा संपली की त्याचा माणूस मोटारसायकल घेऊन यायचा. हा सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात टाकून मागे बसायचा. तो हात मला बघवायचा नाही. मी अध्यक्षांच्या कानाशी लागायचो, "याच्यापायी मतं जातील." दोन हजारनंतरच्या एका निवडणुकीत माईकही गेला, आणि त्याने पक्ष सोडला.

पुढे एकदा प्रचाराला जाताना वारंगा फाट्यावर आमची जीप पंक्चर झाली. तिथलं पंक्चरचं दुकान त्या दोघांचं होतं. तो चाक परत बसवत असताना मी विचारलं, "मीच सांगायचो अध्यक्षांना. ठाव होतं तुला?"

"व्हय. तुझा राग कळायचा मला. दुसऱ्या कुणाला एवढा आलाच नसता."

मी खाली पडलेला नट उचलून त्याच्या हातात दिला. मग म्हणालो, "त्या बैठकीत भीती न्हाई वाटली?"

"लय वाटली. पण बोलून टाकलं अन् सपाटून भूक लागली, बघ."

आतून त्याच्या माणसाने जेवायला हाक मारली. "आलो," म्हणत त्याने हात पुसले.

पुढच्या गावात लोक माझ्यासाठी हार घेऊन थांबले होते. गळ्यात हार पडत होते आणि माझ्या कानात त्याचं ते "आलो" होतं. इतक्या मोकळेपणाने मी आजवर कुणालाच 'ओ' दिलेली नाही.