थप्पीची सुतळी आणि समुद्रातला डोंगर

आमच्या घराण्यात समुद्राची धास्ती घेतलेला पहिला पुरुष मीच. नंदुरबारात मिरची वाळवायच्या पथारीवर बसून लाटांना घाबरायचं काही कारण नाही, हे मला कळतं. पण लग्नानंतर सुरतेकडे फिरायला गेलो होतो, तेव्हा एका लाटेनं माझ्या दोन्ही चपला नेल्या आणि नव्या नवरीमागून मी अनवाणी स्टेशनावर आलो. तेवढं मला आयुष्यभर पुरलं.

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात पुतणीनं बातमी सांगितली, तेव्हा मला आधी त्या चपलाच आठवल्या. पोरगी पुण्यात दगडमाती शिकलेली. तिला काम मिळालं होतं अटलांटिक महासागरातल्या एका बेटावर. ते बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. त्याची एक बाजू कणाकणानं समुद्राकडे सरकते आहे का, हे मोजत राहायचं. होकार कळवायला आठवडा उरला होता, आणि हो म्हणायचं होतं तिच्या आईनं.

तिची आई म्हणजे माझी थोरली वहिनी. भाऊ गेल्यापासून पथारी तीच चालवते. ओली लाल मिरची उन्हात पसरायची, वाळली की पोत्यांत भरायची, पोत्यांच्या थप्प्या गोदामात लावायच्या, हा सगळा व्याप तिचा. मी हिशेब बघतो असं मी सांगतो. भाऊ सावली बघतात, असं ती माझ्याबद्दल सांगते.

नेमका त्याच दिवशी आमच्या मावसाजींनी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. अर्धं बेट तुटून समुद्रात पडतं, आभाळाएवढी लाट उठते आणि शहरंच्या शहरं गिळते. वहिनीनं तो हात लांब धरून शेवटपर्यंत पाहिला, फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "नही जानं."

पोरीचा चेहरा उतरला. तो मला बघवेना. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "तू काही बोलू नकोस. मी समजावतो."

पुतणीकडून मी एवढं ऐकलं होतं, की डोंगर तुकड्यातुकड्यानं घसरला तर लाट फार मोठी होत नाही. तेच वहिनीला प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. पथारीवर मोठी परात मागवली, एका बाजूला ओल्या मिरचीचा ढीग रचला, दुसऱ्या बाजूला पाणी ओतलं. मिरच्या निवडणाऱ्या बायका हातातलं काम टाकून जमल्या.

"बघा वहिनी," मी म्हणालो, "कसा हळूहळू येतो," आणि ढिगाच्या पायथ्याशी बोट घातलं.

अख्खा ढीग एकदम आला. मिरचीचं पाणी वहिनीच्या लुगड्यावर, पुतणीच्या तोंडावर आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत गेलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी आंधळ्यासारखा नळ शोधत होतो.

"समजनं भाऊ," वहिनी म्हणाली. "चांगलं समजाडं तुम्ही."

मग तिनं लेकीकडे वळून सरळ विचारलं, "माले एकच सांग. तो डोंगर पडी का नही?"

"पडत नही, वहिनी!" मी नळाखालून ओरडलो.

"काका, खोटं नका बोलू." पोरीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज स्थिर होता. "पडू शकस, माय. पहिले बी पडनात असा डोंगर. समुद्रना तळमा त्यासना ढिगारा सापडनात. एकदम पडना ते लाट मोठी. तुकडा तुकडा पडना ते लहान. दूर जाता जाता लाटनी ताकद कमी व्हस, पण जवळना किनाराले धोका शेच. आज पडी का हजारो वरीसमा, ते कोनलेच माहीत नही."

मी कपाळावर हात मारला. एवढं खरं बोलून कोणाला परवानगी मिळते का? आज लिहिताना मात्र वाटतं, तिच्या जागी मी असतो तर व्हिडिओच काय, असा डोंगरच नाही म्हणून मोकळा झालो असतो.

"मंग तठे कसाले जाई ऱ्हायनी?" वहिनीनं विचारलं.

पोरीनं गोदामाकडे बोट केलं. "थप्पी कलनी की तू काय करस?"

इथं सांगायला हवं. थप्पी जरा कलल्यासारखी दिसली, की वहिनी भिंतीच्या खिळ्यापासून वरच्या पोत्यापर्यंत सुतळी बांधते. सुतळी ताणली, की थप्पी पुढे आली. मग तिच्या पायथ्याशी डबा उघडून बसलेल्या हमालांना ती घासावरून उठवते. हमाल कुरकुरतात. एकदा तर त्यांनी सोडलेल्या जागेवर अख्खी थप्पी आडवी झाली, तेव्हापासून कुरकुरही जरा हळू आवाजात करतात. पोरगी त्याच गोदामात पाटी-पेन्सिल घेऊन वाढली.

"सुतळी बांधस," वहिनी म्हणाली.

"तेच मन्हं काम शे, माय. फक्त मन्ही सुतळी आभाळमा उपग्रहले बांधेल शे."

"आनि सुतळी तनानी ते?"

"ते पहिले आम्हले समजी. मंग किनारावरना लोकेसले सांगसूत, सरका म्हनीसन."

वहिनीनं ओला पदर पिळला. मग म्हणाली, "लोके लवकर उठतस नही. डबा हातमाईन लेना पडस. ध्यानमा ठेव." आणि बायकांकडे वळून, "चला, मिरची वाळत नही हसीसन."

एवढाच तो होकार. पोरीनं तिला मिठी मारली आणि दोघी एकमेकींना लागलेल्या मिरचीनं पुन्हा रडल्या.

आता पोरगी तिथून दर रविवारी फोन करते. जेवलीस का, झोपलीस का, हे मी विचारतो. वहिनी पलीकडून पोती मोजता मोजता एकच विचारते, "सरकना का?"

"थोडासा, माय. नेहमीसारखाच."

वहिनी मान हलवते आणि पुढच्या पोत्याकडे वळते. मी मात्र पाय उचलून खुर्चीवर घेतो.