उरलेली वायर

डॅशबोर्डखाली एक तपकिरी वायर लोंबते आहे आणि मी तिच्याकडे सापाकडे बघावं तसा बघतो आहे. जुन्या गाडीचं मॅन्युअल नेटवर शोधलं, आकृतीवर बोट ठेवत सगळ्या वायरी जोडल्या, ही उरली. मग पहिलं पान वाचलं, जे शहाणे आधी वाचतात. मॉडेल आमचं नव्हतंच.

इतकी वर्षं या गाडीत निर्धास्त बसलो, कारण आत काय कशाला धरून आहे हे ठाऊक नव्हतं.

बायको चावी घेऊन बसली. "फिरवू?"

"उतर तू. मी फिरवतो."

"झालं म्हणालात ना?"

"झालंय. फक्त जरा लांब उभी राहा."

ती शेजारच्या सीटवर सरकली. "या, दोघं बसू."

बसलोय. चावी अजून फिरवलेली नाही.