सिंधूची देवी बाकावर

शुद्धलेखन चुकलं तर पोटात घाला. नववीतच शाळा सुटली, त्यामुळं शब्दही साधेच आहेत. पण पुढं त्याच शाळेत शिकवायला गेलो आणि तिथले किस्से इतके साठले की टपरीवर मित्र तेच तेच पुन्हा सांगायला लावतात. म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

तामलवाडीजवळच्या आमच्या गावात मी पोळ्याचे बैल आणि गणपती बनवतो. शाळेतल्या सुनीता मॅडम म्हणाल्या, "दर शनिवारी सातवीच्या पोरांकडून जुन्या संस्कृतींच्या वस्तू करून घ्या. इतिहास मी सांगते, माती तुम्ही सांभाळा."

हेडसरांना हे काही पटलं नव्हतं. "शेवटी प्रदर्शन भरवा. गाव बघायला आलं तर वर्ग चालू, न्हाय तर बंद!"

मला तो वर्ग हवा होता. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, पण हातात माती असली की पोरांशी बोलता येतं.

*

मॅडमनी इजिप्तचं चित्र भिंतीवर लावलं. सगळी माणसं एकाच बाजूला तोंड करून उभी.

समर्थनं विचारलं, "सर, ही समदी तिकडं काय बघायलेत?"

मागून आलिया म्हणाली, "एष्टी!"

*

मग गुहेतली चित्रं झाली. सोमवारी शाळेतून बोलावणं आलं, जाऊन बघतो तर नव्यानं चुना दिलेल्या भिंतीवर गेरूनं काढलेला बैल! पाठीवर झूल, शिंगांना गोंडे.

हेडसर कडाडले, "कुणी काढलं हे?"

समर्थ हळूच म्हणाला, "आदिमानवानं, सर."

"मग उद्या आदिमानवाच्या बापाला घेऊन ये!"

*

सिंधूच्या मुद्रा करताना एकानं बैलाऐवजी ट्रॅक्टर कोरला, मागं उसाची ट्रॉली. मी म्हटलं, "अरे, तेव्हा ट्रॅक्टर कुठं होता?"

तो म्हणाला, "सर, आमच्यात आता बैल कुठंय?"

*

ग्रीकांच्या रंगवलेल्या भांड्यांसाठी पोरांनी घरचे माठ आणले. आम्ही ऑइलपेंटनं त्यावर पळणारी माणसं काढली. लई झकास दिसत होते!

आठवड्यानं एका पोराची आई माठ घेऊन दारात उभी. "मास्तर, तुमचा माणूस पळतोय झ्याक. पण माठ पाझरंना, पाणी गार होईना. त्याला म्हणावं, जरा बाजूला हो!"

दुपारभर त्या माठाचा रंग खरवडत बसलो.

*

प्रदर्शन शुक्रवारी होतं. बाकांवर सगळं मांडलं. दुपार झाली तरी कुणी फिरकेना. हेडसर दोनदा डोकावून गेले. जाताना हातातलं घड्याळ बघितलं.

तेवढ्यात समर्थची चुलती गोदाकाकू त्याला रानात न्यायला आली. दारातच थबकली. समोर आलियानं केलेली मातृदेवी होती. डोक्यावर पंख्यासारखा मुकुट, गळ्यात माळा.

काकूनं चप्पल काढली. "कुठली रं ही देवी?"

"सिंधूची," समर्थ म्हणाला. "लई जुनी हाय."

"एवढ्या लांबून आली, आन् तुमी तिला बाकावर बसवली व्हय?" काकू माझ्यावर उखडली. "पाट न्हाय का शाळंत?"

पाट आला, हेडसरांच्या घरून. काकूनं कुंकू लावलं आणि निघून गेली. थोड्या वेळानं बायका येऊ लागल्या. खण, नारळ, तांदूळ. रांग पार हापशापर्यंत गेली. ओटी भरून झाली की बायका पुढं सरकून मुद्रा बघायच्या, इजिप्त बघायच्या. माठवाली आईही आली आणि ग्रीकाकडं रागानं बघून गेली. समर्थ एकेकीला सगळं समजावत होता. हेडसर दारात उभे राहून खोबरं वाटत होते.

संध्याकाळी मॅडम कुलूप घेऊन आल्या. "सर, मग वर्गाचं काय ठरलं?"

हेडसरांनी पाटाकडं बोट केलं. "आता वर्ग बंद कसा करू, मॅडम? आत देवी बसलीय!"

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी लवकर गेलो, चप्पल दाराबाहेर काढली आणि माती भिजवायला घेतली.