गिरजाक्का आणि गिरणीचा पट्टा

नारायणशेटनी सुपा गावात तेलाच्या इंजिनावर चालणारी भात भरडायची गिरण घातली, तेव्हा ती गुंद गावचा लखू चालवायचा. एका आषाढात सुटलेला पट्टा चालत्या चाकावर चढवायला गेला आणि त्याचा उजवा हात आत ओढला गेला. हात वाचला, बोटं मात्र कायमची आखडली. मग त्याची बायको गिरजा गिरणीत येऊन उभी राहिली.

"बाईमाणसाचं काम न्हाई हे," शेट म्हणाले.

"ज्याचं व्हतं त्यो घरी बसलाय. आता माझंच हाय," असं म्हणत तिनं पदर खोचला.

पट्टा म्हशीच्या कातड्याचा. इंजिनाच्या मोठ्या चाकावरून गिरणीच्या लहान चाकाला फिरवायचा. पावसाळी हवेत कातडं ताणून लांब व्हायचं, लहान चाकावर घसरायचं, करपल्याचा वास सुटायचा आणि भात अर्धंमुर्धं भरडून पडायचं. गिरजानं पकड यावी म्हणून पट्ट्याला चिकट राळ लावून पाहिली. थोडा वेळ टिकली. पट्टा कापून आखूड शिवला, तर ऊन पडताच तो आवळला आणि शिवणीतच फाटला. कुंभारवाड्याहून डोक्यावर भात घेऊन आलेल्या बाया ताटकळत बसायच्या.

"दिवाळीनंतर गिरण खानापूरला हलवतो," शेट म्हणाले. "हितल्या ओलीत पट्टा टिकत न्हाई."

"दिवाळीपतोर तर माझ्याच हातात हाय न्हवं?"

कातडं वाढणार, आवळणार. ते काही तिच्या हातात नव्हतं. पण जेवढं ढिलं पडेल तेवढं आपसूक दाबलं गेलं तर? सुताराकडून तिनं लाकडी रूळ करून घेतला आणि वरून दगडाच्या वजनानं तो पट्ट्यावर टेकवला. इंजिन सुरू झालं. पट्ट्याची वरची बाजू एकदम ताठ झाली, रूळ उडाला आणि दगड तिच्या पायाशी येऊन आदळला.

"मोड ते आता," शेट ओरडले.

ती घरी गेली नाही. तिनं लखूला बोलावून घेतलं. अपघातानंतर त्यानं गिरणीत पाऊल टाकलं नव्हतं. तो दारातच थबकला.

"आत या. मला एकटीला कळंना," गिरजा म्हणाली.

रूळ काढून तिनं इंजिन चालू केलं. लखू बराच वेळ बघत राहिला. मग डाव्या हातानं खाली दाखवत म्हणाला, "वरची बाजू वडती. तिला दाबशील तर ती फेकणारच. ढिली खालची हाय, बघ कशी हेलकावती."

दोघांनी मिळून एक दांडी मधोमध ठोकळ्यावर आडवी टेकवली. एका टोकाला रूळ, दुसऱ्याला दगड. दगड खाली गेला की रूळ पट्ट्याच्या खालच्या बाजूला वर उचलून धरी. पट्टा लांबला तर रूळ आणखी वर यायचा, आवळला तर खाली सरकायचा. लहान चाकाला पट्ट्याची मिठीही मोठी बसली.

बाहेर पाऊस कोसळत होता. गिरण थांबली नाही. कुंभारवाड्याच्या देवकीनं तांदूळ तळहातावर चोळून पाहिला.

"व्हय गे, आता झालं," ती म्हणाली आणि टोपली पुढं सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून लखू डाव्या हातानं भात ओतायला येऊ लागला. दिवाळी आली आणि गेली. खानापूरचं नाव शेटनी पुन्हा काढलं नाही.